लाकडावरची नक्षी कागदात: वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात आम्ही जुन्या वाड्यांच्या चौकटीवरून बेतलेला कागदी महिरपीचा एक नमुना दिला होता. त्यावर सोलापूर शहरातून आणि जिल्ह्यातून बरीच पत्रे आली. एकसारखे प्रश्न एकत्र करून उत्तरे दिली आहेत.

बाळीवेशीतल्या एका जुन्या वाड्याच्या दाराचा फोटो काढला, मोठा करून छापला आणि रेषेवरून कापला. कमळाच्या पाकळ्या सुट्या होऊन पडल्या. कागद चुकला की हात? (बाळीवेस, सोलापूर)

दोन्ही नाही, आराखडा चुकला. लाकडावर नक्षी काढताना सुतार पटाशीने पाकळीच्या भोवतीची जमीन खाली घेतो. पाकळी उठून दिसते, पण तिच्याखाली लाकूड तसेच असते, म्हणून ती कुठेही तरंगती ठेवली तरी चालते. कागदाला खोली नाही. तिथे जमीन कापून काढली की भोक उरते आणि भोकाच्या मधोमध असलेल्या पाकळीला धरायला काहीच राहत नाही. म्हणून कापायला बसण्याआधी प्रत्येक भागाला कोण धरणार हे ठरवावे लागते. या कामातला निम्मा वेळ त्यातच जातो आणि तो जायलाच हवा.

छापलेल्या फोटोवर बटर पेपर ठेवा. जो भाग कागद म्हणून राहणार तो शिसपेन्सिलीने पूर्ण काळा करा, नुसती कड काढू नका. मग कोणत्याही काळ्या भागावर बोट ठेवून, न उचलता, बाहेरच्या चौकटीपर्यंत जाता येते का ते पाहा. जिथे बोट उचलावे लागते तिथे जोड हवा. लहान भागाला एक जोड पुरतो. बोटाच्या पेराहून मोठ्या भागाला दोन बाजूंनी धरा, नाहीतर तो फ्रेममध्ये पुढे वाकतो.

जोड कुठे द्यायचा, यात कसब आहे. भोकाच्या मधून आडवी पट्टी टाकली तर ती ठिगळासारखी दिसते. नक्षीतच जे एकमेकांना भिडण्याजोगे आहे ते भिडवा: पाकळीचे टोक बाहेरच्या कड्याला, पान देठाला, मणी शेजारच्या मण्याला. मथुरा-वृंदावनकडच्या सांझीचे, म्हणजे तिथल्या रांगोळीचे, कागदी साचे मिळाले तर निरखून पाहा. मोर, गाय, झाड सगळे पानाफुलांनी एकमेकांत इतके अडकवलेले असते की जोड म्हणून वेगळे काही दिसतच नाही.

फोटोबद्दलही थोडे. भर दुपारच्या फोटोत जी काळी रेघ दिसते ती पुष्कळदा नक्षीची कड नसते, सावली असते. तिच्यावरून कापले की पाकळ्या एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला बारीक होतात. सकाळी आठ-नऊच्या तिरप्या उजेडात एक आणि संध्याकाळी समोरच्या बाजूने उजेड येताना एक असे दोन फोटो घ्या. दोन्हींत जी रेघ जागची हलत नाही तीच खरी कड. फोन नक्षीच्या मध्याच्या उंचीवर धरा आणि दोन-तीन पावले मागे जाऊन झूम करा. अगदी जवळून काढला की मधला भाग फुगतो.

पहिला नमुना कोणता घ्यावा? मापांसह सांगा. (अक्कलकोट)

आठ पाकळ्यांचे कमळ. चौकटीवर, तुळईच्या टोकाला, छतात ते सगळीकडे असते आणि त्याचे सगळे जोड आपोआप जमतात.

कर्कटकाने एकाच केंद्रातून ६०, ५४, २२ आणि ८ मिलिमीटर त्रिज्येची चार वर्तुळे काढा. केंद्रातून दर ४५ अंशांवर आठ रेषा. ६० आणि ५४ च्या मधले ६ मिलिमीटरचे कडे ही चौकट. प्रत्येक रेषेवर एक पाकळी येईल. बुडाशी, म्हणजे २२ च्या वर्तुळावर, ती १२ मिलिमीटर रुंद ठेवा, ४० च्या त्रिज्येवर २४ मिलिमीटर आणि तिथून निमुळती करत टोक कड्याच्या आत २ मिलिमीटर घुसवा. शेजारच्या दोन पाकळ्यांमध्ये सर्वात अरुंद जागी ५ ते ७ मिलिमीटर फट राहते, ती कापून काढायची. पाकळी अशी बुडाशी आणि टोकाशी दोन्हीकडे धरलेली राहते. पाकळीच्या पोटात १८ मिलिमीटर लांब आणि ६ मिलिमीटर रुंद डोळ्याच्या आकाराचे भोक घ्या, तेवढ्याने कोरल्याचा भास येतो.

पाकळ्यांमागून डोकावणारी छोटी टोके हवी असतील तर ती बाहेरच्या कड्यातून आत काढा, पण लांबी १० मिलिमीटरच्या आत ठेवा. त्यांना एकच बाजू धरते. मधल्या गाभ्यात, २२ आणि ८ च्या दरम्यान, केंद्राकडे निमुळते होणारे १६ थेंब बसतात. थेंब रुंदीला साडेतीन मिलिमीटरवर गेला की मधली पट्टी तुटायला लागते.

मोठे करायचे असेल तर झेरॉक्सवाल्याला १४१ टक्के सांगा. ए फोरचे ए थ्री होते.

कागद किती जाडीचा आणि पाते कोणते? दुकानदार कार्डशीट देतो, त्यावर हात दुखतो. (जुळे सोलापूर)

हातकापी नक्षीसाठी १२० ते १६० जीएसएमचा (म्हणजे एका चौरस मीटरला तितके ग्रॅम वजनाचा) रंगीत कागद घ्या. ८० चा झेरॉक्सचा कागद सरावाला ठीक, पण बारीक पट्ट्या लटकतात. २५० ते ३०० ची कार्डशीट मखराच्या मोठ्या कमानींसाठी ठेवा. तिच्यावर एका रेषेला दोन-तीनदा पाते फिरवावे लागते आणि कोपरे चिंबतात. हातकागद दिसायला सुंदर असतो, पण त्यातले लांब तंतू पात्याला धरून ओढले जातात. त्यावर मोठ्या आकाराची नक्षीच करा.

पाते अणकुचीदार हवे. स्टेशनरीतल्या नेहमीच्या कटरचे पाते सरळ रेघेला चालते, वळणावर त्याची रुंदी आडवी येते. नवी पेठेतल्या दुकानांत पेन-कटर मिळतो. सर्जिकल सामानाच्या दुकानात ३ नंबरची मूठ आणि ११ नंबरची पाती मागितली तर त्याहून उत्तम. ४ नंबरची मूठ नको, तिला ११ चे पाते बसत नाही. पाते बदलताना बोटाने ओढू नका, पक्कड वापरा. ए फोर आकाराच्या दाट नक्षीला दोन-तीन पाती लागतातच, तिथे काटकसर करू नये. बोथट पाते कापत नाही, कागद ढकलते. कडेला बारीक लव दिसू लागली की पाते बदला.

खाली कटिंग मॅट असू द्या. काचेवर पात्याचे टोक लगेच मोडते आणि पुठ्ठ्यावर पाते जुन्या चरांत घसरते. मॅट गच्चीवर किंवा गाडीत उन्हात ठेवू नका. एकदा वाकली की ती पुन्हा सपाट होत नाही.

कागदाला तंतूंची दिशा असते हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. कागद दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून पाहा. ज्या बाजूने सहज गुंडाळला जातो, त्या गुंडाळीच्या लांबीच्या दिशेने तंतू असतात. खांब आणि लांब उभ्या पट्ट्या त्याच दिशेत आल्या पाहिजेत. आडव्या आल्या तर त्या लवकर वाकतात.

गोलाई कापताना कड दातेरी होते आणि आतले कोपरे फाटतात. (मंगळवेढा)

गोलाईला सुरी फिरवू नका, कागद फिरवा. सुरी धरलेला हात जवळजवळ जागेवर राहतो, तिला फक्त स्वतःकडे ओढायचे आणि डाव्या हाताने कागद सावकाश वळवत राहायचे. एक वळण एका ओढीत संपले पाहिजे. मध्ये थांबून पाते उचलले की तिथे दात पडतो.

आतल्या कोपऱ्यात शेवट करू नका, तिथून सुरुवात करा. कोपऱ्यात टोक रुतवा आणि बाहेर ओढा. मग कागद वळवून त्याच बिंदूतून दुसरी रेघ. दोन्ही रेघा एकाच भोसकणीतून निघाल्या की तुकडा आपसूक सुटतो. सुटत नसेल तर बोटाने उपटू नका. कोपरा फाटतो तो पात्याने नाही, या उपटण्यानेच. कागद उलटा करून अडकलेला तंतू पात्याच्या टोकाने तोडा.

क्रमही महत्त्वाचा. मधल्या सगळ्यात लहान भोकांपासून सुरुवात करून बाहेर या. मोठी भोके नंतर आणि बाहेरची कड सर्वात शेवटी. मोठी भोके आधी कापली तर उरलेला कागद लुळा पडतो आणि त्यावर बारीक काम करताना ताण शेजारच्या पट्टीवर येतो.

मण्यांच्या ओळीसाठी सुरी वापरूच नका. पाच मिलिमीटरच्या आतले वर्तुळ सुरीने कापले की ते षटकोनी दिसते. चामड्याला भोक पाडायचा २, ३ किंवा ४ मिलिमीटरचा पंच घ्या, खाली लाकडाचा ठोकळा ठेवा आणि हातोडीचा एकच ठोका द्या.

घडी घालून कापले तर काम आठपट लवकर होते ना? मग आकार वेडेवाकडे का येतात? (बार्शी)

तीन घड्यांत आठ पदर होतात. ८० जीएसएमच्या कागदाचा एक पदर सुमारे ०.१ मिलिमीटर, म्हणजे आठांची जाडी जवळपास एक मिलिमीटर. घडीच्या बाहेरच्या पदराला आतल्यापेक्षा जास्त वळसा घ्यावा लागतो, म्हणून आतले पदर थोडे पुढे सरकलेले असतात. शिवाय पाते किंचित तिरपे गेले तरी वरच्या आणि खालच्या पाकळीत फरक पडतो. पतंगाच्या कागदाला, पताकांना घडी उत्तम आहे. भोकांच्या जागी दोन-तीन स्टेपलर पिना मारल्या की पदर सरकत नाहीत.

लाकडी नक्षीचे दाट काम मात्र घडीने करू नका. जाड कागदावर घडीची रेघ कायमची राहते आणि ती नेमकी कमळाच्या मधून जाते. समरूपता हवी असेल तर घडी बटर पेपरला घाला. अर्धी नक्षी काढा, दुमडून दुसरी अर्धी उमटवा, मग सपाट कागदावर ठेवून एकपदरी कापा.

मागच्या बाजूने आखून गणेशपट्टी कापली. सरळ केल्यावर गणपतीची सोंड उजवीकडे गेली! (सात रस्ता, सोलापूर)

मागून कापणे बरोबरच आहे, समोर पेन्सिलीच्या खुणा राहत नाहीत. पण मागे आखलेले सारे पुढे उलटे येते. उजव्या सोंडेचा गणपती घरात लावावा की नाही यावर अनेक घरी कटाक्ष असतो, म्हणून हे आधी पाहिलेले बरे. बटर पेपरवरची नक्षी पालथी करून मागे उमटवा, किंवा झेरॉक्सच्या दुकानात आरशातली प्रत मागा. सोंडेबरोबर मोदकाचा हात, उंदीर, ॐ आणि इतर अक्षरे हेही तपासा. कापलेल्या पट्टीवर एवढाच उपाय: गणपतीची चौकोनी जागा मोकळी करून तिथे नवा तुकडा मागून चिकटवता येतो, जोडाची कड मखराच्या आतल्या रेघेखाली लपवा.

मी चादरीच्या जेकार्डसाठी ग्राफवर डिझाइन काढतो. तेच ग्राफ कागदकामाला वापरता येतील का? (अशोक चौक, सोलापूर)

वेलबुट्टीच्या मांडणीसाठी जरूर. पुनरावृत्ती कुठे जुळते, पट्टी कोपऱ्यात कशी वळवायची, याचा तुमचा हिशेब चौकटीच्या नक्षीला थेट उपयोगी पडेल. पण चादरीत बुट्टीचा प्रत्येक ठिपका ताण्या-बाण्याने धरलेला असतो. तो सुटा राहिला तरी पडत नाही. इथे वर सांगितलेली बोटाची परीक्षा करावीच लागेल. तिरप्या कडांच्या पायऱ्याही गुळगुळीत करून घ्या, पायरीचा प्रत्येक आतला कोपरा ही फाटायची जागा असते.

लांब खांब आणि लोंबती केळफुले कापली की वाकतात. (पंढरपूर)

सुरूच्या आकाराचा खांब पेशवाई वाड्यांची ओळख आहे. पुण्याच्या विश्रामबाग वाड्यात गेलात तर दर्शनी भागाचे लाकडी काम आणि हे खांब निवांत पाहा. खाली फुगीर, वर निमुळता, अंगावर उभ्या पन्हाळी. कागदात या पन्हाळींच्या जागी लांबट, दोन्ही टोकांना निमुळती भोके घ्यायची. मधल्या पट्ट्या १६० जीएसएमला दीड मिलिमीटरच्या खाली नेऊ नका. पट्टी तीन सेंटिमीटरहून लांब असेल तर दोन मिलिमीटर, पाचहून लांब असेल तर मध्ये एक आडवा जोड. खांबावर तो कड्यासारखा किंवा पानांच्या पट्टीसारखा सहज बसतो, लाकडातही ती पट्टी असतेच.

केळफूल महिरपीला जिथे लटकते तिथली मान चार मिलिमीटर ठेवा आणि फुलाच्या दोन्ही बाजूंच्या पाकळ्यांची टोके शेजारच्या वेलीला भिडवा. जपानमध्ये कापड छापण्याचे कातागामी नावाचे कागदी साचे करतात. त्यांतल्या अतिबारीक पट्ट्या हलू नयेत म्हणून रेशमी धागा बसवण्याची पद्धत होती. आपल्याकडे काचेच्या फ्रेममध्ये मागून केसाइतका बारीक दोरा ताणून डिंकाच्या ठिपक्यांनी लावला तर तेच काम होते.

चार थरांची महिरप जानेवारीत केली. एप्रिलमध्ये थर खाली घसरले आणि कागद वाकला. (होटगी रस्ता, सोलापूर)

थरांच्या मध्ये फोमची दुहेरी चिकटपट्टी लावली असणार. आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर गेला की तिचा गोंद मऊ होतो आणि वरचा थर स्वतःच्या वजनाने सरकतो. फोमऐवजी दोन मिलिमीटर जाडीच्या माउंट बोर्डाच्या ५ मिलिमीटर रुंद पट्ट्या कापा आणि पांढऱ्या डिंकाने लावा. पट्टी नक्षीच्या जाड भागामागे लपली पाहिजे. डिंकात पाणी घालू नका. कागद वाकला त्याचे दुसरे कारण बहुधा तेच: पातळ डिंक पूर्ण पाठीवर लावला की कागद ओल्याने पसरतो, वाळताना आकसतो आणि पन्हाळीसारखा होतो. डिंक ठिपक्याठिपक्याने लावा आणि वर वजन ठेवून रात्रभर सोडा. काम कूलरच्या झोतासमोर करू नका. कोरड्या हवेतला कागद दमट झोतात काही मिनिटांत हलतो आणि आखलेली मापे चुकतात.

थरांचा क्रम असा: समोरच्या थराचा कमानीचा गाळा सर्वात मोठा, मागचा प्रत्येक गाळा चहूबाजूंनी ६ मिलिमीटरने लहान. समोरचा रंग सर्वात फिका आणि मागे गडद. कोरलेल्या लाकडात खोल जागी अंधार असतो, तोच क्रम इथे. सगळे थर एकाच तपकिरी रंगाचे केले तर दिव्याखेरीज खोली दिसणार नाही.

गौरी-गणपतीला लाकडी कोरीवकामासारखे कागदी मखर करायचे आहे. (एका महिला मंडळाचे पत्र)

राज्यात २०१८ मध्ये थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आल्यापासून हा प्रश्न दरवर्षी येतो. फोम बोर्ड मात्र घेऊ नका, त्याच्या पोटात थर्माकोलच्याच जातीचा पदार्थ असतो. सांगाड्याला तीनपदरी नालीदार पुठ्ठा घ्या आणि त्याच्या नाल्या उभ्या ठेवा, आडव्या ठेवल्या तर खांब मध्ये मोडतो.

एकूण रुंदी ९० सेंटिमीटर धरू. दोन खांब प्रत्येकी १२, मधला गाळा ६६. कमान अर्धवर्तुळावर बेतली तर तिची त्रिज्या ३३ आणि कडेची लांबी सुमारे १०४ सेंटिमीटर. त्यात नऊ पाकळ्या घातल्या की प्रत्येकी साधारण साडेअकरा. पाकळ्या विषमच ठेवा, म्हणजे मधली टोकदार पाकळी बरोबर वर येते. बाजारातली कार्डशीट २२ बाय २८ इंचांची असते, त्यामुळे कमान दोन तुकड्यांत होईल. जोड मधल्या टोकात घ्या आणि त्यावर वेगळे कापलेले कमळ लावा.

मागून प्रकाश द्यायचा तर एलईडीची बारा व्होल्टची पट्टी लावा, अडॅप्टर मखराबाहेर ठेवा. जुन्या बल्बच्या माळा कागदाजवळ नकोत. समई आणि निरांजन मखरापासून किमान दोन फूट पुढे, आणि पंखा चालू असताना वात आत झुकत नाही ना ते आरतीआधी एकदा पाहून घ्या.

जुन्या दारावर कागद ठेवून खडूने घासून ठसा घेतला तर? (बार्शी)

उथळ नक्षीला चांगला मार्ग आहे. पातळ कागद आणि मेणाचा खडू आडवा धरून घासा. कोरीवकाम अर्ध्या सेंटिमीटरहून खोल असेल तर कागद फाटतो आणि खडू लाकडाला लागतो, तिथे फोटोच घ्या. कागद धरायला चिकटपट्टी लावू नका, जुना रंग आणि पॉलिश तिच्याबरोबर निघते. दुसऱ्या माणसाला धरायला सांगा. आणि घरमालकाला आधी विचारा.

फ्रेम केलेल्या कामाला दोन वर्षांत कसर लागली. रंगही उडाला. (जुळे सोलापूर)

कसर पिठाच्या खळीवर येते. खळ वापरू नका, मागचा पुठ्ठाही जुन्या खोक्याचा नको. काच आणि कागद यांच्यात ५ मिलिमीटर अंतर हवे, नाहीतर पावसाळ्यात कागद काचेला चिकटतो. फ्रेमची मागची कड कागदी चिकटपट्टीने पूर्ण बंद करा आणि खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावा, म्हणजे ती ओलसर भिंतीला टेकणार नाही. रंग उन्हाने उडतो. पश्चिमेच्या खिडकीसमोरची भिंत टाळा.

पट्टी तुटली असेल तर मागून टिश्यू कागदाचा बारीक तुकडा डिंकाच्या एका ठिपक्याने लावा. सेलोटेप नको, ती पिवळी पडते आणि डाग पुढे येतो.

मुलगी दहा वर्षांची आहे. तिला सुरी द्यावी का? (मंगळवेढा)

अजून नको. बोथट टोकाची लहान कात्री, पतंगाचा कागद आणि घडीचे काम द्या. आराखड्यातले जोड शोधण्याचे काम तिला जरूर सांगा, मुलांना ते फार लवकर जमते. तुमची वापरलेली पाती औषधाच्या रिकाम्या बाटलीत टाका आणि भरली की झाकणाला चिकटपट्टी लावून, वर 'धारदार पाती' असे लिहून घंटागाडीवाल्याच्या हातात वेगळी द्या.